कुठे जोडायचं, कुठे हात उचलायचा: इटालिक हस्ताक्षरातल्या जोडांचा आढावा

पोपच्या कचेरीत लेखनिक असलेल्या लुडोविको आरिगीने रोममध्ये एक छोटीशी पुस्तिका काढली. नाव 'ला ऑपेरिना', पानं बत्तीस, वर छापलेलं साल १५२२. पोपच्या कचेरीतून सुटणारी पत्रं ज्या तिरक्या, निमुळत्या आणि वेगवान अक्षरात लिहिली जात, ते अक्षर कुणालाही घरी बसून शिकता यावं, एवढाच तिचा हेतू. हाताने लिहिलेली पानं लाकडी ठशांवर कोरून छापलेली. आरिगी आधी दोन रेघा शिकवतो, एक जाड आणि आडवी, दुसरी बारीक आणि टोकदार. या दोन रेघांतून तो एकेक अक्षर उभं करतो आणि मग अक्षरं एकमेकांना जोडण्याकडे वळतो. कुठली अक्षरं पुढच्याला जोडावीत आणि कुठली जोडू नयेत, हे तो सांगतो. पण त्यापुढे जाऊन जोडायचं की नाही हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडतो. अट एकच: लिखाण एकसारखं दिसलं पाहिजे.

आज आपल्याकडे इंग्रजी 'कर्सिव्ह' गिरवणाऱ्या मुलाला ही मुभा सहसा मिळत नाही. शब्द सुरू झाला की संपेपर्यंत पेन उचलायचं नाही, मधे हात उचलला की वहीत लाल खूण. हा नियम कुठून आला, त्याला आधार काय, आणि इटालिक पद्धतीत जोड शिकणं म्हणजे नेमकं काय शिकणं, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं. चांगल्या अक्षराची आवड असलेल्या मोठ्या माणसांना आणि मुलांना लिहायला शिकवणाऱ्या शिक्षकांना, दोघांनाही हा प्रश्न सारखाच लागू आहे.

इटालिक म्हटलं की संगणकावरचं अक्षर तिरकं करणारं बटण आठवतं. पण ते नाव छपाईत यायच्या आधी सत्तर-ऐंशी वर्षं हे हाताचं अक्षर होतं. फ्लॉरेन्समधला निकोलो निकोली हा लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. धंद्यात त्याचं मन नव्हतं, वेड होतं ते जुन्या लॅटिन ग्रंथांच्या हस्तलिखितांचं. १४३७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या संग्रहात शेकडो हस्तलिखितं होती. त्याचा मित्र पोज्जो ब्राच्चोलिनी याने गॉथिक वळण सोडून गोल, सरळ उभं, स्वच्छ अक्षर रूढ केलं होतं. निकोलीला ग्रंथांच्या नकला भराभर करायच्या होत्या, म्हणून त्याने तेच अक्षर थोडं झुकवलं, गोलाचा लांबट अंडाकार केला आणि हात कमी वेळा उचलायला सुरुवात केली. पुढे पोपच्या कचेरीने हे वळण उचललं. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्डुस मानुशियसने याच धर्तीच्या टाइपात व्हर्जिलचं छोटं पुस्तक छापलं, तेव्हा या अक्षराला छपाईत जागा मिळाली. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरला होता.

गॉथिक अक्षराची अडचण काय होती ते एका शब्दात दिसतं. इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द गॉथिकमध्ये लिहिला तर पंधरा सारख्याच उभ्या दांड्या एका ओळीत उभ्या राहतात. 'एम' कुठे संपला आणि 'आय' कुठे सुरू झाला, हे मोजून काढावं लागतं. 'आय'वर टिंब आलं ते याच गोंधळातून वाट काढण्यासाठी. इटालिकने हा गोंधळ कमानीने सोडवला. 'एन' लिहिताना पेन खाली येतं, त्याच दांड्यावरून परत वर चढतं आणि साधारण मध्यावर दांड्यापासून फुटून उजवीकडे कमान घेतं. दांडा आणि कमान यांच्या मधे एक बारीक त्रिकोणी फट राहते. त्या फटीमुळे 'एन' हा 'एन' दिसतो. 'यू' म्हणजे हाच आकार उलटा केलेला: तिथे फट खाली येते. 'एम', 'एच', 'बी', 'पी' हे 'एन'च्या घरातले, तर 'ए', 'डी', 'जी', 'क्यू' हे 'यू'च्या. ही दोन घरं हातात पक्की बसल्याशिवाय जोडांकडे जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. अक्षर धावतं होतं ते आधी अक्षराच्या आत, दांड्यावरून परत चढणाऱ्या त्या हालचालीत. दोन अक्षरांच्या मधला जोड ही तिचीच पुढची पायरी.

मुख्य जोड दोनच आहेत, तिरका आणि आडवा.

तिरका जोड अशा अक्षरांतून निघतो जी खालच्या रेघेवर संपतात: 'ए', 'सी', 'डी', 'ई', 'एच', 'आय', 'के', 'एल', 'एम', 'एन', 'यू'. अक्षराचा शेवटचा दांडा खालच्या रेघेला टेकला की पेन किंचित वळतं आणि सरळ तिरकं वर, पुढच्या अक्षराच्या सुरुवातीपर्यंत जातं. निब सपाट टोकाची असेल, म्हणजे आपण जिला कट निब म्हणतो ती, आणि ती रेघेशी साधारण ४५ अंशांचा कोन करून धरलेली असेल, तर ही तिरकी रेघ निबच्या कडेकडेने सरकते आणि केसाएवढी बारीक उमटते. दाब कमी करायचा नसतो, काही वेगळं करायचं नसतं. धरण्याचा कोन बरोबर असला की जोड आपोआप बारीक होतो आणि अक्षर जाड राहतं, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर अक्षरावर ठरते. शिकणाऱ्याची चूक इथे बहुतेक वेळा एकाच प्रकारची होते. तो जोड वाटीसारखा खोलगट करतो, वळण रुंद घेतो, आणि मग 'एन'चा 'यू' वाटायला लागतो. वळण अगदी लहान, जवळजवळ टोकदार ठेवलं तर हे टळतं.

तिरका जोड सोपा की अवघड, हे तो कुठे जाऊन भिडतो यावर ठरतं. पुढे 'आय', 'यू', 'एन' असेल तर काम सरळ: वरपर्यंत जायचं आणि खाली उतरायचं. पुढे 'ई' असेल तर जोड हाच 'ई'ची मधली रेघ होतो. पेन खालून वर जाताना मधूनच 'ई'च्या डोक्यात शिरतं आणि वळून खाली येतं. इटालिकमधला हा सगळ्यात गोड जोड. पण पुढे 'ए', 'सी', 'डी' किंवा 'ओ' असेल तर जरा थांबून विचार करावा लागतो, कारण ही अक्षरं वर उजवीकडून सुरू होऊन आधी डावीकडे जातात. जोड वरपर्यंत न्यायचा आणि तिथून त्याच रेघेवरून थोडं मागे यायचं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा की जोडाची रेघ वर नेऊन सोडायची, पेन उचलायचं आणि 'ए' नव्याने त्या रेघेला चिकटवून लिहायचा. दुसऱ्या मार्गाने लिहिलेलं पान बहुतेकांच्या हातून जास्त स्वच्छ येतं. पुढे 'एल' किंवा 'एच'सारखं उंच अक्षर असेल तर जोड वर नेऊन त्याच रेघेवरून खाली उतरायचं, फास काढायचा नाही. फास हे दुसऱ्या घराण्याचं लक्षण आहे, त्याकडे येतोच.

आडवा जोड वर संपणाऱ्या अक्षरांतून निघतो: 'ओ', 'व्ही', 'डब्ल्यू', आणि आडव्या रेघेमुळे 'टी' आणि 'एफ'. तो ताठ आडवा नसतो. सैल बांधलेल्या दोरीसारखा मधे किंचित झोळ खातो. 'ओ' नंतर 'एन' असेल तर तो छान बसतो. 'ओ' नंतर 'ई' मात्र जमत नाही, कारण पेन वर आहे आणि 'ई' मधून सुरू होतो. झोळ इतका खोल जातो की 'ओ'चाच आकार बिघडतो. इथे हात उचलणं हा सर्वांत सोपा उपाय.

आता न जोडण्याचा मुद्दा. माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा इथे आहे. 'जी', 'जे', 'वाय' यांची शेपटी खाली डावीकडे जाऊन संपते. तिथून पुढचं अक्षर जोडायचं तर शेपटीला फास देऊन वर यावं लागतं, आणि खालच्या ओळीच्या उंच अक्षरांना तो फास जाऊन अडकतो. 'बी', 'पी' आणि 'एस' डावीकडे वळून संपतात, पुढे जायचं तर पेनला उलट फिरावं लागतं. 'क्यू', 'एक्स', 'झेड' तसेही विरळाच येतात. आल्फ्रेड फेअरबँकने विसाव्या शतकात हे अक्षर पुन्हा शिकवायला घेतलं तेव्हा या अक्षरांनंतर हात उचलायला सांगितलं. 'आर'चं प्रकरण निराळंच. तो जोडता येतो, पण जोडाचा झोळ जरा खोल गेला की 'आर' आणि 'एन' मिळून 'एम' दिसतो, 'आर' आणि 'आय' मिळून 'एन' दिसतो. घाईत लिहिणाऱ्याच्या 'मॉडर्न' या इंग्रजी शब्दाचा शेवट 'एम'ने होतो तो यामुळे. तसंच 'सी' आणि 'एल' चिकटले की 'डी' होतो. ज्या जोडाने दोन अक्षरांचं तिसरंच अक्षर होतं तो जोड कितीही सफाईदार असला तरी चुकीचा. हे मुलाला सांगितलं की ते लगेच समजतं. शब्दाच्या मधे पेन उचलायचं नाही, या नियमाचं असं कारण मात्र सांगता येत नाही.

मग तो नियम आला कुठून? त्याचा उगम तांब्याच्या पत्र्यात आहे. आरिगीच्या पिढीचे कित्ते लाकडावर कोरलेले होते. पुढच्या पिढीत जियोव्हान फ्रान्चेस्को क्रेसी याने १५६० मध्ये आपला कित्ता काढला. त्यात अक्षर आणखी झुकलं, आणखी गोल झालं आणि उंच अक्षरांच्या टोकांना गाठी आल्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाऊ लागले. टोकदार सळईने तांबं कोरणाऱ्याला न थांबता वळणं, फास, लफ्फे काढणं सोपं जातं. कोरणाऱ्याच्या हाताला जे सोपं ते छापलं गेलं, आणि छापलेलं पाहून लिहिणारा तसं लिहू लागला. सपाट निब जाऊन टोकदार, लवचीक निब आली. तिच्यात जाड-बारीकपणा कोनातून येत नाही, दाबातून येतो. इंग्लंडमध्ये हे 'राउंड हँड' किंवा 'कॉपरप्लेट' झालं. जॉर्ज बिकमने १७३३ ते १७४१ या काळात काढलेल्या 'द युनिव्हर्सल पेनमन'मध्ये ते पूर्ण बहरलेलं दिसतं. व्यापारी कचेऱ्यांचं ते अक्षर होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आणि खलिते याच वळणाचे. त्यात उंच अक्षरांना फास, शेपट्यांना फास आणि शब्दभर अखंड रेघ. आपल्या चाररेघी वहीतल्या कर्सिव्हचं मूळ याच घराण्यात आहे. टोकदार लवचीक निब केव्हाच गेली, बॉलपेन आलं, पण फास आणि अखंड रेघ मात्र राहिली. ज्या हत्याराने ती रेघ सुंदर केली होती ते हत्यार हातात नाही, तरी तिचा हट्ट चालू आहे.

इटालिकचं पुनरुज्जीवन इंग्लंडमध्ये सुरू झालं. कवी रॉबर्ट ब्रिजेस यांच्या पत्नी मोनिका ब्रिजेस यांनी १८९९ मध्ये शिक्षकांसाठी या वळणाचं पुस्तक काढलं. एडवर्ड जॉन्स्टनच्या १९०६ च्या ग्रंथाने सपाट निबचं शास्त्र पुन्हा उभं केलं. पण रोजच्या लिखाणासाठी ते आणलं नौदल खात्यात नोकरी करणाऱ्या फेअरबँकने. त्याचं 'अ हँडरायटिंग मॅन्युअल' १९३२ मध्ये निघालं आणि १९५२ मध्ये इटालिक हस्ताक्षरासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरातल्या रीड कॉलेजात लॉइड रेनल्ड्स यांनी वीस वर्षं हे अक्षर शिकवलं. त्यांच्यानंतरच्या रॉबर्ट पॅलाडिनो यांच्या वर्गात ॲपलचा स्टीव्ह जॉब्स बसला होता, ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यापेक्षा महत्त्वाचं मला हे वाटतं की त्याच पोर्टलंड शहरात बार्बरा गेटी आणि इंगा ड्यूबे यांनी शाळकरी मुलांसाठी इटालिकच्या पायरीपायरीच्या वह्या तयार केल्या, आणि त्यात सुटी अक्षरं आणि जोडलेली अक्षरं एकाच आकाराची ठेवली. मुलाला एक वळण विसरून दुसरं शिकावं लागत नाही. आधीचीच अक्षरं जवळ आणून बांधायची. आइसलँडमध्ये १९८० च्या दशकात गुन्लाउगुर ब्रीम यांच्या प्रयत्नांनी शाळांमध्ये इटालिक आलं. आणि इंग्लंडच्या २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात शाळेच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांनी तिरक्या आणि आडव्या रेघांनी अक्षरं जोडायला सुरुवात करावी, तसंच कुठली अक्षरं शेजारी आली तर न जोडलेली बरी हेही समजून घ्यावं, असं लिहिलेलं आहे. एका देशाच्या सरकारी अभ्यासक्रमात न जोडण्याला जागा मिळाली, ही गोष्ट आपल्या शाळांनी जरूर पाहावी.

संशोधन काय सांगतं, याबद्दल वर्तमानपत्रांत बरंच येतं आणि त्यात गफलतीही बऱ्याच होतात. २०२४ च्या सुरुवातीला नॉर्वेतल्या संशोधकांचा एक अभ्यास गाजला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्यावर विद्युतलहरी मोजणाऱ्या टोप्या घालून, हाताने लिहिताना आणि कीबोर्डवर टाइप करताना मेंदूत काय फरक पडतो ते पाहिलं गेलं. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संपर्क जास्त व्यापक दिसला. यातल्या विद्यार्थ्यांनी जोडून लिहिलं होतं, म्हणून 'कर्सिव्ह शिकवा' असा सूर अनेकांनी लावला. पण त्या प्रयोगात सुटं लिहिण्याची आणि जोडून लिहिण्याची तुलनाच नव्हती. हात आणि कीबोर्ड एवढीच तुलना होती. त्याआधी संशोधक केरिन जेम्स यांनी वाचायला न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वतः अक्षर काढण्याचा फायदा दिसला होता, आणि ती मुलं सुटी अक्षरं काढत होती. म्हणजे फायदा आहे तो हाताने अक्षर घडवण्याचा. तो जोडाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

जोडांबद्दल थेट बोलणारा अभ्यास १९९८ चा आहे. स्टीव्ह ग्रॅहम, व्हर्जिनिया बर्निंगर आणि नाओमी वाइनट्रॉब यांनी अमेरिकेतल्या चौथी ते नववीच्या ६०० मुलांचं लिखाण तपासलं. पूर्ण सुटं लिहिणारे, पूर्ण जोडून लिहिणारे आणि दोन्हींचं मिश्रण करणारे असे गट पडले. वेगात मिश्रण करणारे पुढे होते, आणि बहुतांशी जोडलेलं पण मधे मधे सुटं अशा लिखाणाला वाचनीयतेतही चांगले गुण मिळाले. मुलांना कुणी तसं शिकवलं नव्हतं, त्यांच्या हातांनी ते आपापलं शोधलं होतं. इंग्लंडच्या रोझमेरी ससून यांनीही मुलांच्या हातांचं बारकाईने निरीक्षण करून हेच मांडलं: शब्दाच्या मधे पेन उचललं की हात कागदावर पुढे सरकतो आणि बोटांना विसावा मिळतो. लांब शब्द एका दमात लिहायला लावला तर मनगट जागीच अडकतं आणि शेवटची अक्षरं दाटतात. हा अनुभव कुणालाही घरी घेता येईल. एखादा दहा-बारा अक्षरांचा इंग्रजी शब्द पेन न उचलता लिहा आणि मनगट कुठे राहिलं ते पाहा.

जोड केव्हा सुरू करावेत यावर मात्र एकमत नाही. फ्रान्समध्ये बालवर्गाच्या शेवटच्या वर्षापासून मुलं जोडून लिहायला शिकतात, खास आखलेल्या बारीक रेघांच्या कागदावर. फिनलंडने २०१६ पासून जोडून लिहिणं सक्तीचं ठेवलेलं नाही. अमेरिकेत २०१० च्या सामाईक अभ्यासक्रमात कर्सिव्हचा उल्लेख नव्हता, मग वीसहून अधिक राज्यांनी ते परत आणलं. कॅलिफोर्नियात तसा कायदा २०२४ पासून लागू आहे. मला फ्रान्सचा मार्ग आपल्यासाठी योग्य वाटत नाही. तिथलं मूल एक भाषा, एक लिपी घेऊन बसलेलं असतं. आपलं मूल दोन लिप्या एकाच वेळी उचलत असतं.

हा मुद्दा महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आलं. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं. देवनागरीत शब्द एकत्र धरण्याचं काम शिरोरेघ करते, आणि ती मूल बहुतेकदा शब्द लिहून झाल्यावर देतं. अक्षर लिहिताना हात पुन्हा पुन्हा उचलला जातो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. रोमन लिपीत शिरोरेघ नाही, तिथे शब्द एकत्र धरतं ते अक्षरांमधलं समान अंतर. म्हणून मराठी मुलाला इंग्रजीसाठी आधी अंतर शिकवावं, जोड मागून येतील. अंतर नीट पडलं तर न जोडलेला शब्दही एकसंध दिसतो. आरिगीच्या अटीतला एकसारखेपणा तो हाच.

एकटाकी लिखाण आपल्यालाही परकं नाही. मोडी लिपीत लिहिणारे कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरं लिहीत जात. वेगासाठी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडला, शब्दांमध्ये जागाही ठेवली नाही. दफ्तरात रोज तेच मजकूर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचं त्याने काही अडलं नाही. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून वाचायचे तर आज तयार जाणकार लागतो, आणि असे जाणकार थोडे आहेत. मोडीबद्दल मला अपार आदर आहे, तिचे चांगल्या हातचे कागद पाहताना नजर हटत नाही. मात्र ती लिपी एका व्यवसायाच्या आतल्या माणसांसाठी घडली होती. शाळेतल्या मुलाचं लिखाण अनोळखी परीक्षकाने वाचायचं असतं.

पेनाचा प्रश्न उरतोच. कट निबशिवाय इटालिक जमत नाही, असं मानणारे बरेच आहेत. शिकताना सपाट टोक असावं, असं माझंही मत आहे, कारण पेन धरण्याचा कोन बिघडला की रेघेची जाडी लगेच सांगते. सुरुवातीला अक्षराची उंची निबच्या पाच रुंदींएवढी ठेवावी. डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूला तिरकी कापलेली निब मिळते, आणि कागद त्यांनी उजवीकडे झुकवावा. पण रोजचं लिखाण शेवटी बॉलपेननेच होणार, आणि तिथे जोडाची रेघ अक्षराइतकीच जाड उमटते. त्यामुळे बॉलपेनने लिहिताना जोड आणखी कमी करावेत. फक्त जे जोड हात आपणहून घेतो तेवढे ठेवावेत. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही, पण बॉलपेनची पानं शेजारी ठेवून पाहिली की पटतं.

मोठेपणी शिकणाऱ्यांनी क्रम साधा ठेवावा. आधी 'एन' आणि 'यू' यांच्या कमानी, महिनाभर तरी. मग 'आय-एन', 'यू-एन', 'एन-ई' अशा जोड्या, फक्त तिरक्या जोडाच्या. त्या हातात बसल्या की 'ओ-एन', 'व्ही-आय' अशा आडव्या. 'ए' आणि 'डी'कडे जाणारे जोड शेवटी. गिरवताना वेग वाढवायचा नाही, पण रेंगाळायचंही नाही. फार हळू काढलेला जोड थरथरतो आणि वाकडा जातो. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे आहेत, एका बैठकीत तासभर लिहून हात दुखवण्यात अर्थ नाही.

शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे ती एवढीच: तिसरी-चौथीपर्यंत इंग्रजी अक्षरं सुटी, एकसारख्या अंतराने, कमानी नीट फुटलेल्या अशी लिहू द्या. त्यानंतर तिरका आणि आडवा हे दोन जोड दाखवा, आणि कुठे जोडू नये तेही दाखवा. शब्दाच्या मधे पेन उचललं म्हणून गुण कापू नका. अक्षर वाचता येतं का आणि हात दुखतो का, हे दोन प्रश्न मुलाला विचारा, आणि त्याच्या उत्तरांवरून पुढचं पान आखा.